प्रार्थना थांबली, वास्तू उरली
जुनी चर्च बंद होतात कशी आणि पुढे त्यांचे काय होते?

चर्च बंद पडते तेव्हा रविवारची उपासना थांबते, नवा धर्मगुरू नेमला जात नाही आणि घंटेचा दोर गुंडाळून ठेवला जातो. इमारत मात्र जागीच उभी असते. तिचे छत गळत राहते, विम्याचा हप्ता भरावा लागतो, आवारातील थडगी कोणाच्या ना कोणाच्या पूर्वजांची असतात आणि मनोऱ्यावरील घड्याळाकडे पाहण्याची गावाची सवय सुटलेली नसते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक देशांना गेल्या अर्धशतकात या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. कोठे चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान आले, कोठे संगीतसभागृह, कोठे सदनिका, कोठे मंदिर वा मशीद. तर कोठे सरळ बुलडोझर फिरला.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या भाषेत या प्रश्नाचे मर्म सांगणारे दोन शब्द आहेत. ‘मंडळी’ म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय आणि ‘मंदिर’ म्हणजे तो जेथे जमतो ती वास्तू. मराठी बायबलमध्येही समुदायासाठी ‘मंडळी’ हाच शब्द येतो. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी ‘चर्च’ हा एकच शब्द आहे. मंडळी पांगल्यावर मंदिराचे काय करायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा या विषयाचा गाभा आहे. त्यासाठी तपशीलवार कायदेशीर चौकट घडविणाऱ्या देशांत इंग्लंडचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

वास्तू अधिक, उपासक कमी

‘चर्च ऑफ इंग्लंड’ या अधिकृत अँग्लिकन धर्मसंस्थेकडे सुमारे १६ हजार चर्चवास्तू आहेत. त्यांपैकी साडेबारा हजारांहून अधिक संरक्षित वारसा-यादीत असून देशातील सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित इमारतींमध्ये जवळपास ४५ टक्के वाटा या चर्चवास्तूंचा आहे. अनेक खेड्यांत चर्च ही सर्वांत जुनी, आणि बहुधा दगडी बांधकामाची सर्वांत मोठी वास्तू असते.

या वास्तू रिकाम्या पडण्यास श्रद्धेचा ऱ्हास हे एकच कारण नाही. एकोणिसाव्या शतकात औद्योगिक शहरांची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि वस्तीमागे चर्च या हिशेबाने मोठ्या प्रमाणावर बांधकामे झाली. विसाव्या शतकात त्याच वस्त्यांमधील कुटुंबे उपनगरांकडे गेली, गिरण्या बंद पडल्या, जुन्या चाळवजा घरांची रांगच्या रांग पाडली गेली. चर्च मात्र उचलून नेता येत नव्हते.

लंडनच्या जुन्या व्यापारी पेठेत, म्हणजे ‘सिटी’मध्ये, हे चित्र सर्वांआधी दिसले. १६६६ च्या भीषण आगीनंतर ख्रिस्तोफर रेन या वास्तुकाराच्या देखरेखीखाली तेथे ५१ चर्च पुन्हा उभारली गेली. पुढे रहिवासी गेले, कचेऱ्या आल्या. १८६० च्या कायद्याने शेजारचे धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चच्या अधिकारातील परिसर, एकत्र करण्याची आणि जादा ठरलेली चर्च पाडण्याची सोय झाली आणि रेन यांच्या अनेक वास्तू त्यात गेल्या. सेंट मेरी ऑल्डरमनबरी या चर्चचे नशीब निराळे. १९४० च्या बॉम्बवर्षावात त्याच्या फक्त भिंती उरल्या होत्या. १९६० च्या दशकात ते दगड अमेरिकेतील मिसुरी राज्यात फुल्टन येथे नेण्यात आले आणि जेथे विन्स्टन चर्चिल यांनी १९४६ साली ‘पोलादी पडद्या’चे भाषण केले होते, त्या महाविद्यालयाच्या आवारात चर्च पुन्हा उभे राहिले.

श्रद्धेतील बदलही अर्थातच मोठा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद ख्रिस्ती म्हणून केली होती. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले आणि कोणताही धर्म नसल्याचे सांगणारे ३७.२ टक्के झाले.

तिसरे कारण पैशाचे. जर्मनीत नोंदणीकृत सभासदांकडून चर्चकर वसूल होतो. इंग्लंडमध्ये रहिवाशांवरील सक्तीची चर्चपट्टी १८६८ सालीच रद्द झाली. तेव्हापासून छतावरच्या शिशाच्या पत्र्यापासून पायाच्या दुरुस्तीपर्यंतचा भार प्रामुख्याने स्थानिक मंडळीवर आहे. संरक्षित प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीवरील मूल्यवर्धित कराची भरपाई देणारी सरकारी योजना २००१ साली सुरू झाली. २०२५ मध्ये तिच्यावर प्रत्येक वास्तूमागे वर्षाला २५ हजार पौंडांची मर्यादा घालण्यात आली. आठवड्याला पंधरा-वीस वृद्ध उपासक येणाऱ्या मध्ययुगीन चर्चला एक गळके छतही बंद पाडू शकते, ते या हिशेबामुळे.

बंद करण्याची रीत

दुसऱ्या महायुद्धानंतर पडीक चर्चची संख्या इतकी वाढली, की लॉर्ड ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १९६० साली आला. त्यातून १९६८ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६९ पासून तो अमलात आला. त्यानंतर चर्च ऑफ इंग्लंडची जवळपास दोन हजार चर्च बंद झाली. आरंभी अशा चर्चला कायद्याच्या भाषेत ‘अनावश्यक’ म्हटले जाई. हा शब्द गावकऱ्यांच्या जिव्हारी लागे. पुढे तो वगळून ‘नियमित सार्वजनिक उपासनेसाठी बंद’ असा शब्दप्रयोग स्वीकारण्यात आला.

२०११ च्या कायद्याने ठरवून दिलेली रीत अशी : प्रस्ताव बहुधा स्थानिक चर्च परिषदेकडून येतो. धर्मप्रांताची समिती संबंधितांशी चर्चा करून बिशपांकडे शिफारस करते. बिशप संमत झाल्यास चर्च कमिशनर्स हे मध्यवर्ती मंडळ योजनेचा मसुदा प्रसिद्ध करते. त्यावर कोणालाही हरकत घेता येते. उपासनेला न जाणारा रहिवासीही पत्र लिहू शकतो आणि प्रत्यक्षात अनेक हरकती अशाच लोकांच्या असतात. निर्णय मान्य नसल्यास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे अपिलाची परवानगी मागता येते. स्वातंत्र्यपूर्व काळात हिंदुस्थानातील खटल्यांची अंतिम अपिले चालत, तीच ही न्यायसमिती.

चर्च बंद झाल्यावर वास्तू धर्मप्रांताच्या वित्त मंडळाच्या ताब्यात जाते. नवा उपयोग शोधण्यासाठी साधारणतः दोन वर्षांची मुदत असते. या काळात छत शाबूत ठेवणे, विमा उतरवणे, चोरी रोखणे ही मंडळाची जबाबदारी. वेदी, बाप्तिस्म्याचे कुंड, प्रभुभोजनाची पात्रे यांचे काय करायचे ते बिशप ठरवितात. शक्य तेथे ती अन्य चर्चना दिली जातात.

मुदतीअखेर तीन वाटा असतात. पहिली, वास्तूला योग्य असा नवा उपयोग. दुसरी, ऐतिहासिक मोल मोठे असल्यास ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’कडे सुपूर्द करणे. तिसरी, पाडणे. १९६९ साली स्थापन झालेल्या या ट्रस्टला सरकार आणि चर्च दोघेही निधी देतात आणि त्याच्याकडे साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. त्याआधी, १९५७ साली, आयव्हर बल्मर-टॉमस यांनी ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही स्वयंसेवी संस्था काढली होती. निराधार चर्चची मित्रमंडळी असा नावाचा अर्थ. इंग्लंड आणि वेल्समधील साठाहून अधिक वास्तू तिने सांभाळल्या आहेत.

विक्री करतानाही खरेदीदाराला मोकळे रान नसते. खरेदीखतात अटी घातल्या जातात : ठरलेल्या उपयोगाशिवाय दुसरा करायचा नाही, थडगी हलवायची नाहीत, नातेवाइकांना दफनभूमीत येऊ द्यायचे. चर्च वापरात असताना संरक्षित वास्तूंच्या काही नियमांतून त्याला सूट असते, कारण धर्मसंस्थेची स्वतःची परवानगी-पद्धत असते. बंद झाल्यावर ही सूट संपते आणि स्थानिक प्रशासनाचे नियम लागू होतात.

भिंतीवर चढणारे, झुल्यावर झुलणारे

प्रशस्त मध्यदालन, उंच छत, भरपूर उजेड आणि घुमणारा आवाज ही चर्चच्या वास्तूची बलस्थाने आहेत. ज्यांना हे गुण उपयोगी पडतात ते नवे उपयोग चांगले रुजले. संगीत त्यात अग्रभागी. लंडनचे १७३३ सालचे सेंट ल्यूक्स चर्च जमीन खचल्याने १९५९ मध्ये बंद झाले. त्याचे छत काढून टाकले गेले आणि चार दशके ते उघड्यावर राहिले. तळघरातील हजाराहून अधिक मृतांचे अवशेष सन्मानाने अन्यत्र हलविल्यानंतर २००३ मध्ये तेथे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे तालीम व शिक्षण केंद्र सुरू झाले. यॉर्क शहरातील सेंट मार्गारेट्स चर्चमध्ये २००० सालापासून प्राचीन संगीताचे राष्ट्रीय केंद्र आहे.

ब्रिस्टल शहराने अधिक धीट प्रयोग केले. तेथील सेंट वेरबर्ग चर्च १८७९ च्या सुमारास रस्तारुंदीसाठी मूळ जागेवरून काढून दुसरीकडे पुन्हा बांधले गेले होते. १९९२ पासून त्याच्या उंच भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो. सेंट पॉल्स या दुसऱ्या चर्चची दुरुस्ती होऊन तेथे २००५ पासून सर्कशीचे शिक्षण देणारी संस्था आहे. जेथे धर्मोपदेश होत असे, त्या दालनात झुल्यावरच्या कसरती शिकविल्या जातात.

लंडनमध्ये थेम्स नदीकाठचे सेंट मेरी अॅट लँबेथ हे चर्च १९७२ मध्ये बंद झाले आणि पाडले जाण्याच्या मार्गावर होते. त्याच्या आवारात जॉन ट्रॅडेस्कँट पितापुत्र या सतराव्या शतकातील नामांकित उद्यानतज्ज्ञांची कबर आहे. त्या कबरीच्या शोधात आलेल्या एका दांपत्याने चर्च वाचविण्याची मोहीम उभारली आणि १९७७ मध्ये तेथे बागकामाच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. २०१६ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी फरशीखालच्या बंद दालनात सुमारे ३० शवपेट्या सापडल्या. त्यांत कँटरबरीच्या काही आर्चबिशपांच्या होत्या. इमारत पाडली गेली असती तर हा इतिहास ढिगाऱ्याबरोबर गेला असता.

इंग्लंडबाहेरचे सर्वांत गाजलेले उदाहरण नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टचे. तेथील तेराव्या शतकातील डोमिनिकन चर्च १७९४ साली फ्रेंच सैन्याने शहर घेतल्यानंतर उपासनेतून गेले. पुढे दोनशे वर्षे ते कोठार, दफ्तरखाना आणि अगदी सायकली ठेवण्याची जागा म्हणूनही वापरले गेले. २००६ मध्ये तेथे पुस्तकांचे दुकान आले. वास्तुकारांनी दगडी खांबांना धक्का न लावता मधोमध पोलादाचे बहुमजली पुस्तकघर स्वतंत्रपणे उभे केले. २०१४ मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा वाचकांनी वर्गणी गोळा करून दुकान चालू ठेवले.

दुसऱ्या देवाचे घर

स्थलांतरितांच्या वस्तीत रिकामी चर्च आणि जागेच्या शोधातील नवे भाविक एकमेकांना भेटले. लंडनच्या ब्रिक लेनवरील एका इमारतीत हा इतिहास एकत्र पाहायला मिळतो. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनो प्रोटेस्टंटांनी १७४३ मध्ये ती बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्टांकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. दर्शनी भागावरील १७४३ सालचे सूर्यघड्याळ कोणी काढले नाही.

लंडनमधील पहिले बोचासणवासी स्वामिनारायण मंदिर १९७० साली इस्लिंग्टन भागातील वापरात नसलेल्या चर्चमध्येच सुरू झाले. नीसडनचे संगमरवरी मंदिर त्यानंतर पंचवीस वर्षांनी उभे राहिले. लेस्टर शहरात एकोणिसाव्या शतकातील एका चर्चचे रूपांतर जैन मंदिरात झाले असून त्याची प्रतिष्ठापना १९८८ मध्ये झाली. राजस्थानी धाटणीचे पांढरे संगमरवरी दर्शनी काम आणि मागे जुनी विटांची इमारत, असे त्याचे रूप आहे.

असे हस्तांतर सर्वत्र सहज होत नाही. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अन्य धर्मीयांना वास्तू द्यावी की नाही, यावर दीर्घकाळ तीव्र मतभेद राहिले. अन्य ख्रिस्ती पंथांना प्राधान्य हा त्यातून निघालेला सर्वसाधारण मार्ग. पूर्व युरोपातील ऑर्थोडॉक्स आणि आफ्रिकी वंशाच्या पेंटेकोस्टल मंडळींनी अनेक वास्तू घेतल्या.

या साऱ्यात बोल्टनचे उदाहरण लक्षात राहावे असे. कापसाच्या गिरणीमालकांच्या देणगीतून १८८१ साली बांधलेले ‘ऑल सोल्स’ चर्च १९८६ मध्ये बंद पडले. तोवर भोवतालच्या गिरणी कामगारांच्या घरांत प्रामुख्याने भारतीय उपखंडातून आलेली मुसलमान कुटुंबे राहू लागली होती. काचा फुटलेल्या, कबुतरांनी भरलेल्या त्या चर्चला वाचविण्यासाठी पुढाकार घेतला तो याच वस्तीतील एका मुसलमान रहिवाशाने. ट्रस्ट आणि लॉटरी निधीच्या साहाय्याने २०१४ मध्ये तेथे समाजकेंद्र सुरू झाले. मध्यदालनात कचेऱ्या व वर्गखोल्यांचे स्वतंत्र कप्पे उभारले आहेत. उद्या ते काढले तर जुनी वास्तू जशीच्या तशी उरेल. मंदिर एका मंडळीचे होते. ते वाचविले दुसऱ्याच मंडळीने.

वास्तू वाचते, दार मिटते

बाजाराच्या दृष्टीने मात्र सोपा मार्ग निवासाचा. चर्चच्या सदनिका झाल्या की विकासकाला पैसे मिळतात, धर्मप्रांताचा दुरुस्तीचा भार सुटतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला मनोरा जागच्या जागी दिसतो. पण आतील उंच दालनात मजले पडतात, रंगीत काचेच्या खिडकीचा वरचा अर्धा भाग एका घरात आणि खालचा दुसऱ्या घरात जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जी वास्तू शतकानुशतके कोणालाही न विचारता आत येऊ देत होती, तिच्या दाराला कुलूप व बेल लागते. गावात मतदान, रक्तदान, शाळेचे स्नेहसंमेलन यांसाठी दुसरे सभागृह नसेल तर हे नुकसान केवळ उपासकांचे राहत नाही.

यावर मधला मार्ग म्हणून ट्रस्टने आपली बहुतेक चर्च पाहणाऱ्यांसाठी खुली ठेवली आहेत. वर्षातून एखादी उपासनाही तेथे होऊ शकते. काही खेड्यांतील चर्चमध्ये उन्हाळ्यात पर्यटकांना मुक्कामाला जागा दिली जाते. २०१० च्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमाचे उत्पन्न डागडुजीला लागते.

पाडणे हा शेवटचा पर्याय असला तरी तो टळतोच असे नाही. जर्मनीतील इमराथ गावचे सेंट लँबर्टस चर्च लिग्नाइटच्या खाणीसाठी जानेवारी २०१८ मध्ये जमीनदोस्त झाले. गाव आधीच हलविले गेले होते. मंडळी गेली म्हणून चर्च पडले नाही, तर जमिनीखालच्या कोळशासाठी दोघेही गेले. फ्रान्समध्ये स्थिती आणखी वेगळी. १९०५ च्या कायद्यामुळे त्यापूर्वीची बहुतेक ग्रामचर्च नगरपालिकांच्या मालकीची आहेत. त्यामुळे छत गळाले की प्रश्न बिशपांपुढे नव्हे, महापौरांपुढे येतो. मालकी कोणाची, यावर वास्तूचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरते.

परळ, बोरिवली आणि जुने गोवे

चर्चचा उपयोग बदलणे महाराष्ट्र-गोव्याला नवे नाही. मात्र येथे जुन्या काळी हे बदल मंडळीच्या संमतीने नव्हे, सत्तेच्या हुकमाने झाले. मुंबईत परळ येथील जेझुइट धर्मगुरूंची वास्तू अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी जप्त केली आणि पुढे ती गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. प्रार्थनेच्या दालनात मेजवान्या झडू लागल्या. गव्हर्नर मलबार हिलला गेल्यानंतर १८९९ मध्ये त्याच वास्तूत वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

उलट दिशेचे उदाहरण बोरिवलीचे. तेथील मंडपेश्वर हे शैव लेणे सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मगुरूंनी चर्चसाठी घेतले आणि वर मठ बांधला. आज लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि माथ्यावर मठाचे अवशेष आहेत. वसईच्या किल्ल्यातील चर्च १७३९ साली चिमाजी अप्पांच्या विजयानंतर ओस पडत गेली.

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा मठ पोर्तुगीज सरकारच्याच आदेशाने रिकामा झाला. धर्मसंघ बरखास्त करण्याच्या धोरणानुसार १८३५ मध्ये साधूंना घालवून देण्यात आले. देखभाल थांबली आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. त्याची मोठी घंटा मात्र आग्वाद किल्ल्यावरून १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये आली. त्याच परिसरात असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आणि सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. या वास्तूंना नवा उपयोग मिळाला आणि त्यांची छपरे टिकली. ऑगस्टीनच्या मठाला तो मिळाला नाही.

कसोटी कोणती?

या साऱ्या उदाहरणांतून काही निकष निघतात. वास्तू रिकामी राहण्याचा काळ जितका कमी, तितकी ती वाचण्याची शक्यता अधिक. कारण पाणी आत शिरू लागले की दुरुस्तीचा खर्च झपाट्याने वाढतो. नवे बांधकाम जुन्या दगडाला न जखडता, पुन्हा काढता येईल असे असावे. थडगी आणि स्मृतिशिला यांपर्यंत नातेवाइकांची वाट खुली राहावी. निर्णयाआधी उपासकांबरोबरच शेजाऱ्यांचेही ऐकले जावे. आणि शक्य तेथे असा उपयोग निवडावा, ज्यात सामान्य माणसाला पूर्वीप्रमाणे आत जाता येईल.

पहिले तीन निकष पाळून चर्चच्या उत्तम सदनिका होऊ शकतात. शेवटचे दोन पाळायचे तर संग्रहालय, संगीतसभागृह, पुस्तकांचे दुकान किंवा बोल्टनसारखे समाजकेंद्र करावे लागते. त्यात नफा कमी, खटपट अधिक आणि चालविण्यासाठी नव्याने जमलेली मंडळी लागते. ती मिळाली नाही तर दोन वर्षांची मुदत संपताना धर्मप्रांतापुढे विकासकाचा प्रस्ताव तेवढा उरतो.